आधी फाइल तपासा!

कॅराओकेच्या खेळात गुण कमी पडले, की बायका लगेच म्हणतात, 'माझा गळाच नाही गं!' अहो, आधी गाण्याची फाइल तपासा. अल्ट्रास्टारसारख्या खेळात आवडीचं गाणं घरी तयार करता येतं. पण प्रत्येक अक्षर कधी सुरू होतं, किती लांबतं, हे आपणच भरायचं. ठरल्या वेळी सूर लागला तरच गुण! 'बीपीएम', म्हणजे लयीचा वेग, जरा चुकला तर पहिली ओळ जुळते आणि शेवटचं कडवं पार घसरतं. त्यात आपली मराठी. बोलताना 'घर' एका दमात संपतं, गाताना 'घ' आणि 'र' सुटे होतात. म्हणजे कान लावून मोजणं आलंच. वेळखाऊ आहे खरं. पण सासूबाई इतक्या वर्षांनी माइक धरणार असतील, तर फाइलच्या चुकीपायी त्यांना नापास का करायचं?