पळालेला पक्षी आणि आपले प्रतीकवाचन

पिंजऱ्यातून सुटलेला पक्षी कवितेत आला की मराठीच्या वर्गात त्याचा अर्थ तयार असतो: स्वातंत्र्य. हा अर्थ आम्हीच वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून दिला आहे. त्यामुळे उत्तरपत्रिकांतून तोच परत आला, तर तक्रार करण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु गेल्या दिवाळीनंतर मोखाडा तालुक्यातील पोशेरा येथे एका स्नेह्यांच्या वाडीवर आम्ही दोघांनी चार दिवस काढले आणि तेव्हापासून हा अर्थ फळ्यावर लिहिताना आमचा हात अडखळू लागला आहे.

स्नेह्यांनी हौसेने तीन सोनेरी फेझंट पाळले होते, एक नर आणि दोन माद्या. मराठीत या पक्ष्याला रुळलेले नाव नाही आणि ते असण्याचे कारणही नाही, कारण तो मूळचा मध्य चीनच्या डोंगराळ जंगलांतला. नराचा तुरा पिवळाधमक, पोट लालभडक, शेपूट अंगाहून लांब; मादी मात्र तपकिरी, पाचोळ्यात बसली तर दिसूच नये अशी. कुळ म्हणाल तर मोराचे, रानकोंबड्याचे आणि आपल्या परसातल्या कोंबडीचेच. एका रात्री जाळीच्या दाराची कडी नीट बसली नाही. सकाळी नर आणि एक मादी बाहेर होती. दुसरी मादी आतच राहिली होती.

आम्ही सुशिक्षित माणसे जे करतात तेच केले, म्हणजे धावलो. नर मोठ्याने ओरडत सरळ वर उडाला, कुंपणापलीकडे उतरला आणि करवंदीच्या जाळीत शिरला. आमच्यापैकी एकाने तेथेही हात घातला, तेव्हा हाती शेपटीची दोन पिसे तेवढी आली. घाबरलेला फेझंट पकडणाऱ्याच्या हातात पिसे सोडून निसटतो, ही त्याची जुनीच युक्ती आहे, हे आम्हांला नंतर कळले.

वाडीवरच्या कोंबड्या सांभाळणाऱ्या आजी हे सारे ओट्यावरून पाहत होत्या. “सर, त्याच्या मागं पळू नका. भूक लागली का येईल,” एवढेच त्या म्हणाल्या. हा चिनी पक्षी त्यांनी त्या वर्षीच प्रथम पाहिला होता. पण कोंबडीची जात त्यांना जन्मभराची ठाऊक होती. पुढचे तीन दिवस त्यांनी जे केले ते असे. आत राहिलेल्या मादीची जाळी उचलून उघड्यावर, बाहेरून दिसेल अशी ठेवली. शेजारी रिकामी जाळी दार उघडे टाकून ठेवली. झुडपापासून त्या दारापर्यंत वरईची विरळ रेघ ओढली आणि दाराच्या आत मूठभर नागली टाकली. कुत्रे बांधले. दुपारी कोणी तिकडे फिरकायचे नाही, कारण हे पक्षी चरायला बाहेर पडतात ते सकाळी आणि दिवस कलताना. दाराला एक लांब दोरी बांधली आणि तिचे टोक आपल्या हाती ठेवून त्या ओट्यावर भांडी घाशीत बसल्या. तिसऱ्या संध्याकाळी नर दाणे टिपत टिपत आत गेला. दोरी ओढली गेली, तेव्हा त्याने मानही वर केली नाही.

‘हातचे सोडून पळत्याच्या मागे लागू नये’ ही म्हण आम्ही लोभावरचे भाष्य म्हणून शिकवतो. आजींची कृती पाहताना वाटले की ही म्हण प्रथम कोण्या कोंबड्या सांभाळणाऱ्या बाईच्या तोंडून निघाली असली पाहिजे. हातचे जे आहे, ते राखले तरच पळते परत येते. म्हणीचा हा अर्थ आम्हांला कोणत्याही संग्रहात भेटला नव्हता. (व्युत्पत्तीचा दावा आम्ही करीत नाही, तो करणाऱ्यांची मराठीत वाण नाही.)

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तो नर करवंदीत होता त्या अडीच दिवसांत तो ‘मुक्त’ होता काय? पिढ्यान्‌पिढ्या जाळीत पैदा झालेला, मुंगूस आणि शिक्रा यांची ओळख नसलेला, जवळपास स्वजातीचे कोणी नसलेला पक्षी रानात सुटतो, तेव्हा त्याला मिळते ते आकाश नव्हे, थोडी मुदत. ब्रिटनमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडले. शोभेसाठी आणलेले सोनेरी फेझंट तेथे रानात सुटले, पूर्व इंग्लंडच्या वृक्षलागवडींत कित्येक दशके टिकले आणि आता तेथून जवळजवळ नाहीसे झाले आहेत. त्यांच्याच जातभाईला लेडी ॲमहर्स्टचे नाव आहे. या बाई 1823 ते 1828 या काळात हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल असलेल्या लॉर्ड ॲमहर्स्ट यांच्या पत्नी. त्यांच्यामुळे तो पक्षी लंडनला पोहोचला. त्याचीही रानात सुटलेली इंग्लिश वसाहत आता संपली आहे.

याचा अर्थ पिंजऱ्याचे प्रतीक खोटे, असा कोणी काढू नये. सावरकरांच्या ‘सागरा प्राण तळमळला’मध्ये पिंजऱ्यातल्या पोपटाची प्रतिमा आहे, आणि तेथे ती चोख बसते, कारण तो पोपट रानातून धरून आणलेला आहे. त्याला परत जाण्यासाठी रान आहे. पोशेऱ्याच्याच डोंगरउतारावर आपला राखी रानकोंबडा राहतो. तो कोणी धरून जाळीत टाकला असता, तर 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा ठरला असता आणि त्याला सोडून देणे हेच कर्तव्य असते. कुळ एक, डोंगर एक, जाळीही एक. पण एकाला सोडणे दयेचे आणि दुसऱ्याला सोडणे निष्काळजीपणाचे. हा भेद जातिवंत वाचकाने प्रतीकाच्या आधी पाहायला हवा, असे आमचे मत आहे.

रान आणि परस यांमधली रेषा तरी कोठे सरळ आहे? पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा. पण अनेक कोंबड्यांच्या कातडीला जो पिवळा रंग असतो, त्याचे जनुक राखी रानकोंबड्याकडून आले, हे 2008 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. म्हणजे कधीकाळी कोणी रानातून परसात आले, किंवा परसातून रानात जाऊन परत आले.

या येण्याजाण्याची जाण आपल्या जुन्या वाङ्मयाला होती. श्रीहर्षाच्या ‘नैषधीयचरिता’त नळ सोनेरी हंसाला धरतो, त्याचा विलाप ऐकून सोडतो, आणि मुक्त झालेला हंस आपण होऊन त्याच्या हातावर परत येतो. ही कथा रघुनाथ पंडितांनी मराठीत आणली. आम्ही ती शिकवताना हंसाच्या विलापावर एक तासिका घालवतो आणि परत येण्यावर एक वाक्य. वस्तुतः कथा पुढे सरकते ती त्या परत येण्यामुळे. आजींच्या वरईच्या रेघेत आणि नळाच्या उघड्या तळहातात आम्हांला फारसे अंतर दिसत नाही. हंस कृतज्ञतेने आला आणि फेझंट भुकेने, एवढाच काय तो फरक.

येथे मारुती चितमपल्ली यांची आठवण अपरिहार्य आहे. वनखात्यात आयुष्य घालवलेला हा लेखक 2006च्या सोलापूर साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला आणि 2025 साली वारला. त्यांच्या लेखनात पक्षी आधी पक्षी असतो: काय खातो, कोठे बसतो, लोक त्याला काय म्हणतात. आमच्या विभागांतून मात्र त्यांना ‘निसर्गप्रेमी ललित लेखक’ या खुराड्यात डालून ठेवले गेले. समीक्षेच्या अभ्यासपत्रिकेत त्यांचे गद्य लावावे, असे आम्ही एकदा अभ्यासमंडळात सुचवले होते. चहा आला आणि विषय राहिला. असो.

दुसरी मादी अद्याप बाहेर आहे. स्नेह्यांच्या फोनवरून कळते की दिवसा ती गावठी कोंबड्यांच्या मागेमागे चरते आणि रात्री आंब्यावर बसते. जाळीचे दार उघडेच आहे, आणि आजी रोज दिवस कलताना तेथे मूठभर वरई टाकतात.