हिलरी की ओबामा? माझं इथलं पहिलं मत

येत्या मंगळवारी, ५ फेब्रुवारी २००८ ला, कॅलिफोर्नियात प्रायमरी आहे. मागच्या वर्षी मी इथला नागरिक झालो, त्यामुळे अमेरिकेतलं हे माझं पहिलंच मत. त्याआधीचं मत मी १९९६ मध्ये पुण्यात दिलं होतं, लोकसभेला. १९९७ ला वायटूकेच्या कामासाठी इकडे आलो, आणि तेव्हापासून कुठल्याच देशात मत दिलेलं नाही. तिकडे परदेशात बसून मत देता येत नाही आणि इकडे नागरिक नव्हतो. टॅक्स मात्र पहिल्या पगारापासून भरतोय. त्यात आता भारताचं नागरिकत्व सोडून हे मत मिळालंय, त्यामुळे ते असंच कुणाला तरी टाकून द्यायची माझी तयारी नाही.

रविवारी पुण्याला फोन केला की बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय रे, त्या दोघांत भारतासाठी कोण बरं?" महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ घेता घेता हाच प्रश्न, ऑफिसात जेवणाच्या टेबलावरही हाच. खरं सांगायचं तर मीसुद्धा याच प्रश्नापासून सुरुवात केली होती. गेल्या दोन महिन्यांत माझं मत कसं बदलत गेलं, तेच इथे लिहितोय. कदाचित इथल्या कुणाला तरी उपयोग होईल.

भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडक्यात प्रायमरी म्हणजे काय ते सांगतो. आपल्याकडे तिकीट कुणाला द्यायचं ते हायकमांड ठरवतं. इच्छुक मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या करतात, शेवटच्या रात्री यादी येते, आणि मग ज्याला मिळालं नाही तो बंडखोरी करतो. इथे पक्षाचं तिकीट कुणाला मिळावं यासाठी सामान्य मतदार मत देतात. मी डेमोक्रॅट म्हणून नाव नोंदवलंय. ज्यांनी कुठलाच पक्ष नोंदवलेला नाही, त्यांनाही कॅलिफोर्नियात डेमोक्रॅटिक पक्षाची मतपत्रिका मागून घेता येते. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक प्रतिनिधी असतात. २००८ च्या या निवडणुकीत कॅलिफोर्नियात डेमोक्रॅटिक पक्षाचे मतांवर ठरणारे ३७० आहेत आणि ते मतांच्या प्रमाणात वाटले जातात. किमान १५ टक्के मतं मात्र मिळायला हवीत. हायकमांड अगदीच नाही असंही नाही. सुमारे ८०० 'सुपरडेलिगेट' म्हणजे खासदार, गव्हर्नर, पक्षाचे पदाधिकारी. २००८ च्या नियमांनुसार त्यांना हवं त्याला ते मत देऊ शकतात. तरीसुद्धा आयोवासारख्या छोट्या राज्यातल्या शेतकऱ्यांनी ३ जानेवारीला ओबामाला निवडून सगळी गणितं फिरवली, हे आपल्याकडे होणं कठीणच.

पुढे न्यू हॅम्पशायर हिलरीनं घेतलं आणि साउथ कॅरोलायना ओबामानं. परवा जॉन एडवर्ड्सनी माघार घेतली. म्हणजे आता खरी लढत दोघांतच.

सुरुवातीला मी हिलरीच्या बाजूनं होतो. कारण सोपं होतं. सिनेटमध्ये २००४ साली 'इंडिया कॉकस' सुरू झाला, त्याच्या दोन अध्यक्षांपैकी त्या एक. त्यांचे यजमान २००० मध्ये भारतात येऊन गेले ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्यात गेल्या जूनमध्ये ओबामाच्या प्रचार कार्यालयातून एक कागद बाहेर आला. इथे सिनेटरच्या नावापुढे कंसात पक्ष आणि राज्य लिहितात, तर त्या कागदात हिलरीच्या नावापुढे न्यूयॉर्कऐवजी पंजाब लिहिलं होतं! भारतीयांकडून पैसे घेतात, भारतात नोकऱ्या पाठवणाऱ्यांच्या मैत्रिणी, असा त्याचा रोख. मला त्या दिवशी फार राग आला. ओबामानं नंतर ती चूक असल्याचं मान्य करून माफी मागितली, पण मनातून ते जाईना.

राग शांत झाल्यावर मी एका संध्याकाळी दोघांचं सिनेटमधलं रेकॉर्ड काढून बसलो. आमच्या धंद्यातली सवयच ती. कोण काय म्हणतंय त्यापेक्षा लॉगमध्ये काय आहे ते बघायचं. भारताशी अणुकरार करण्यासाठीच्या विधेयकावर नोव्हेंबर २००६ मध्ये सिनेटमध्ये मतदान झालं. ते ८५ विरुद्ध १२ मतांनी मंजूर झालं आणि दोघांनीही बाजूनंच मत दिलं होतं. २००६ च्या मोठ्या इमिग्रेशन विधेयकालाही दोघांचा पाठिंबा. बाहेर जाणाऱ्या नोकऱ्यांबद्दल भाषणं दोघंही करतात, आणि ओहायोसारख्या राज्यात गेल्यावर आणखी जोरात करतील. मग 'भारतासाठी कोण बरं' या प्रश्नाला उत्तर काय? दोघंही जवळपास सारखेच. ज्या प्रश्नाचं उत्तर दोघांच्या बाबतीत एकच येतं, त्या प्रश्नावर निवड करायची कशी?

आणखी एक गोष्ट तेव्हा डोक्यात आली. तो 'पंजाब'चा टोमणा आपल्याला इतका का लागला? कारण मत देताना आपण खरोखरच आधी तिकडचा विचार करतो. उद्या शेजारच्या घरातला माणूस फक्त आयर्लंडचं भलं बघून अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निवडायला लागला तर मला आवडेल का? भारतावरचं प्रेम कमी करा असं मी म्हणत नाही, माझंही कमी झालेलं नाही. पण शपथ घेतली ती इथली, मुलगी शिकते ती इथल्या शाळेत, तर मतही इथल्या प्रश्नांवर द्यायला हवं.

मग दोघांत फरक कुठे आहे? मला दोन ठिकाणी मोठा फरक दिसला.

पहिला आरोग्य विम्याचा. हिलरीच्या योजनेत प्रत्येकाला विमा घ्यावाच लागेल. ओबामाच्या योजनेत सक्ती फक्त मुलांसाठी आहे. इथे मी पूर्णपणे हिलरीच्या बाजूनं आहे. २००२ मध्ये आमची कंपनी बंद पडली तेव्हा बायकोला सातवा महिना होता. नोकरी गेली की विमा जातो, आणि तोच विमा स्वतःच्या खिशातून चालू ठेवायचा तर कंपनीचा वाटाही आपणच भरायचा. पहिलं बिल बघून आम्ही दोघं स्वयंपाकघरात नुसते बसून राहिलो होतो. घरभाड्याच्या खालोखाल तोच खर्च. पाच महिने साठवलेल्या पैशांतून भरला. ज्यांच्याकडे साठवलेलं नसतं त्यांचं काय होत असेल? तरुण, धडधाकट लोक बाहेर राहिले तर विमा सगळ्यांनाच महाग पडणार, हे हिलरीचं म्हणणं मला पटतं.

दुसरा फरक इराकचा. ऑक्टोबर २००२ मध्ये राष्ट्राध्यक्षांना युद्धाचा अधिकार देणारा ठराव सिनेटनं ७७ विरुद्ध २३ असा मंजूर केला. हिलरीनी होकार दिला. ओबामा तेव्हा इलिनॉयच्या विधिमंडळात होते. त्याच महिन्यात शिकागोच्या सभेत त्यांनी या युद्धाला उघड विरोध केला. आज तिथे मेलेल्या अमेरिकन सैनिकांचा आकडा चार हजारांच्या घरात आहे, इराकी किती गेले त्याची मोजदादच नाही.

इथे प्रामाणिकपणे दोन गोष्टी सांगायला हव्यात. ओबामा तेव्हा सिनेटमध्ये नव्हते, त्यामुळे विरोध करणं त्यांना सोपं होतं, हा आक्षेप खरा आहे. २००५ मध्ये सिनेटमध्ये आल्यावर युद्धाच्या खर्चाला त्यांनीही बराच काळ हिलरीसारखीच मतं दिली. आणि दुसरं म्हणजे, ५ फेब्रुवारी २००३ ला कॉलिन पॉवेल युनोत बोलले तेव्हा टीव्हीसमोर बसून मलाही ते सगळं पटलं होतं. म्हणजे मीही चुकलोच होतो. पण मी राष्ट्राध्यक्षपदाला उभा नाही ना!

आता या दोन फरकांतला जास्त वजनाचा कुठला? आमच्या घरात यावर आठवडाभर वाद झाला. मी शेवटी असा विचार केला: राष्ट्राध्यक्ष एकट्याच्या बळावर काय करू शकतो? विम्याचा कायदा काँग्रेसमधून जाणार. दोन्ही सभागृहांत त्याची इतकी कापाकापी होईल की कुणाच्या मूळ योजनेत काय होतं ते ओळखूही येणार नाही. १९९३-९४ मध्ये हिलरीची योजना तशीच तर अडली, आणि तेव्हा दोन्ही सभागृहांत त्यांच्याच पक्षाचं बहुमत होतं. युद्धाचं तसं नाही. काँग्रेसनं अधिकार दिल्यावरही सैन्य पाठवायचं की नाही, कधी पाठवायचं, हे त्या एका खुर्चीतला माणूस ठरवतो. म्हणून योजनेपेक्षा मी त्या माणसाचा निर्णय बघितला. नोकरीच्या मुलाखतीतही आम्ही 'तुम्ही काय कराल' यापेक्षा 'तेव्हा तुम्ही काय केलंत' हेच विचारतो. म्हणून माझं मत ओबामाला.

बायकोचं मत हिलरीला, आणि तिचे मुद्दे कच्चे नाहीत. "अरे, ज्याचा कायदा काँग्रेसमधून जायचाय, त्याला काँग्रेस कशी चालते ते माहीत नको? एकदा हरलेली बाईच दुसऱ्यांदा नीट करेल." आणि दुसरं, "आपल्या जळगावच्या प्रतिभाताई गेल्या जुलैत राष्ट्रपती झाल्या, इंदिराबाई तर १९६६ मध्येच पंतप्रधान झाल्या होत्या. हा देश अजून बाई चालेल का म्हणून विचारच करतोय. आपल्या मुलीला ते कधी दिसणार?" पहिल्या मुद्द्यावर मी वाद घातला. दुसऱ्यावर गप्प बसलो.

माझ्या टीममधला एक तेलुगू मित्र हे सगळं ऐकत असतो. तो नऊ वर्षं इथे आहे, अजून ग्रीन कार्डच्या रांगेत. गेल्या जुलैत अर्ज घेऊ म्हणून आधी जाहीर झालं आणि ऐनवेळी नाही म्हणाले, तेव्हा मुन्नाभाईची गांधीगिरी करत लोकांनी इमिग्रेशनच्या प्रमुखांना फुलं पाठवली. त्यांनी ती जखमी सैनिकांच्या रुग्णालयात पाठवली, आणि दोन आठवड्यांनी अर्ज घ्यायचंही मान्य झालं. त्या फुलांत याचाही गुच्छ होता. तो म्हणतो, "कुणालाही दे, पण दे. आम्हाला तर फुलंच पाठवता येतात." त्याचं वाक्य मी विसरू शकत नाही. आपल्यातले कितीतरी जण नागरिक होऊनही मतदार म्हणून नाव नोंदवत नाहीत, 'आपल्याला काय करायचंय' म्हणतात. इथल्या प्रायमरीसाठी नोंदणीची मुदत २२ जानेवारीला संपली, पण ४ नोव्हेंबरची मुख्य निवडणूक अजून बाकी आहे. अर्ज पोस्टातसुद्धा मिळतो.

काल बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तू याला, सूनबाई तिला. दोन मतं एकमेकांना खाणार, मग जायचं कशाला?" मी म्हटलं, बाबा, इथे प्रतिनिधी प्रमाणात वाटतात, दोन्ही मतं मोजली जातात. त्यावर त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "मग जा दोघंही. ऑफिसला उशीर झाला तरी चालेल."