नववा मोहरम आणि चार जुलै

२०२५ सालचा ४ जुलै शुक्रवारी आला. त्या उन्हाळ्यात मी न्यू जर्सीत मुलीकडे होतो. तिच्या मशिदीच्या गणनेप्रमाणे त्या दिवशी मोहरमची नववी तारीख होती. म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, जुमा आणि आशुऱ्याच्या आदल्या दिवसाचा रोजा, तिन्ही एकदम. शेजाऱ्यांचं आमंत्रण चार दिवस आधीच आलं होतं. दुपारी तीनला परसात शेगडी पेटणार, सगळ्यांनी यायचं. जावई माझ्याकडे बघून म्हणाले, "अब्बा, आता काय सांगायचं त्यांना?" मी काही बोलायच्या आत मुलगी म्हणाली, "खरं ते सांगा. रोजा आहे म्हणा."

शेजारी सत्तरीचे, नळकामाच्या धंद्यातून निवृत्त झालेले, आजोबा इटलीतून आलेले, दर रविवारी चर्चला जाणारे. घरासमोर बारा महिने झेंडा. मत कुणाला दिलं हे विचारायची गरज नव्हती, निवडणुकीतली पाटी त्यांच्या गॅरेजात अजून उभी होती. जावयांनी रोज्याचं सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "सूर्य साडेआठला मावळतो. तोवर मी शेगडी विझवत नाही." आम्ही आमची हलाल कोंबडी नेली, त्यांनी जाळी घासून वेगळी ठेवली होती. त्यांच्या परसात खजूर आणि पाण्यावर आम्ही रोजा सोडला. हा रोजा कशाचा, असं त्यांनी विचारलं. मुसा अलैहिस्सलाम आणि त्यांच्या माणसांची फिरऔनच्या तावडीतून सुटका झाली, त्याच्या शुक्रान्याचा, असं मी सांगितलं. ते म्हणाले, ही गोष्ट मला लहानपणी आमच्या चर्चमध्ये शिकवली होती. मग अंधार पडला आणि आम्ही सगळे आतषबाजी बघायला मैदानावर गेलो.

हा प्रसंग गोड आहे म्हणून सांगत नाही. त्या रात्री घरी आल्यावर मुलगी आणि जावयांमध्ये जो वाद झाला, तो समजायला हा शेजारी माहीत असणं गरजेचं आहे.

मी स्वतःला परंपरावादी म्हणवतो. मराठीत या शब्दाच्या जागी लोक लगेच 'प्रतिगामी' म्हणतात, म्हणून थोडा खुलासा करतो. जे आईवडिलांनी, आजीआजोबांनी सांभाळून आणलं, ते त्याहून चांगलं काही हाती असल्याशिवाय मोडू नये, एवढंच माझं म्हणणं. त्यात सगळ्यात वर कुटुंब. सरकार, पक्ष, शाळा हे सगळं त्यानंतर.

अमेरिकन उन्हाळा बघताना हे मला पुन्हा पटलं. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तिथे 'मेमोरियल डे' असतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी 'लेबर डे'. या दोन सोमवारांच्या मध्ये त्यांचा उन्हाळा बसतो. पहिला दिवस कबरींचा. १८६८ पासून लोक सैनिकांच्या कबरींवर फुलं वाहतात, छोटे झेंडे रोवतात. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत चंद्रकोर कोरलेले दगडही आहेत. २००४ मध्ये इराकमध्ये मारले गेलेले कॅप्टन हुमायून खान तिथेच दफन आहेत. याच खान यांचे वडील २०१६ मध्ये भर सभेत खिशातली संविधानाची प्रत काढून उभे राहिले होते. मधला सण ४ जुलैचा. जॉन अ‍ॅडम्स यांनी १७७६ मध्येच पत्नीला पत्रात लिहिलं होतं की पुढच्या पिढ्या हा दिवस मिरवणुका, खेळ आणि आतषबाजीने साजरा करतील. त्यांनी तारीख २ जुलै धरली होती, तेवढीच चुकली. आणि हेच अ‍ॅडम्स आणि जेफरसन दोघेही ५० वर्षांनी, १८२६ च्या ४ जुलैला एकाच दिवशी गेले.

पण माझ्या डोळ्यांत राहिली ती मिरवणूक नाही. शेजाऱ्यांचा मुलगा टेक्सासहून बायकामुलांसह आला होता. वर्षातून एकदाच येतो. म्हातारा दोन दिवस आधीपासून परसातलं गवत कापत होता, नातवंडांसाठी जुनी सायकल दुरुस्त करत होता. मला आमच्या कोकणातला मे महिना आठवला. मुंबईचे चाकरमानी आणि आखातात गेलेली मुलं गावी यायची, दोन खोल्यांत पंधरा माणसं झोपायची, पडवीत आंब्याच्या आढ्या लागायच्या. चौदा मैलांवरची खाला आणि चौदाशे मैलांवरचा भाऊ एकाच आठवड्यात भेटायचे. त्यासाठी कुठला कायदा नव्हता, कुठल्या पक्षाचा जाहीरनामा नव्हता. सुट्टी, घर आणि वाट बघणारं माणूस, एवढ्यावर ते चालायचं. शेजाऱ्यांचंही तसंच चाललं होतं. आमचं गाव आता मे महिन्यातही अर्धं बंद असतं, हेही सांगितलं पाहिजे.

आता राजकारण. कुटुंब, धर्म, आईवडिलांचा अधिकार हे शब्द अमेरिकेत रिपब्लिकन पक्ष वापरतो. त्यामुळे २००० साली अनेक मुस्लिम संघटनांनी जॉर्ज बुश यांना पाठिंबा दिला होता. पुढच्याच वर्षी ११ सप्टेंबर घडलं आणि ते नातं तुटलं. मग डेमोक्रॅटिक पक्ष आपला वाटू लागला, कारण मशिदीच्या बाजूने बोलायला तोच उभा राहत होता. २०१७ मध्ये ट्रम्प यांनी काही मुस्लिमबहुल देशांच्या प्रवाशांवर बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती कायम केली, आणि जून २०२५ मध्ये नवी बंदी आली. तरीही २०२४ मध्ये मिशिगनच्या डिअरबॉर्न शहरात ट्रम्प यांना हॅरिस यांच्यापेक्षा जास्त मतं पडली. त्यात गाझाचा संताप होता आणि शाळेत मुलांना काय शिकवलं जातं याचीही अस्वस्थता होती. शेजारच्या हॅमट्रॅमॅक शहराच्या मुस्लिम नगरमंडळाने २०२३ मध्ये सरकारी जागेवर समलिंगी अभिमानाचा झेंडा लावायचा नाही असं ठरवलं, तेव्हा कालपर्यंतचे उदारमतवादी मित्र दुखावले. आमच्या ओळखीतल्या एकाने मला ती बातमी 'विजय' म्हणून फोनवर कळवली होती. मला तो विजय वाटला नाही. सरकारी खांबावर कुणाच धर्माचा किंवा गटाचा झेंडा नको, हा त्या ठरावातला नियम मला मान्य आहे. पण कुणाला तरी हरवलं या आनंदात मला परंपरा दिसत नाही.

आणि कुटुंबाचा कैवार घेणाऱ्या पक्षाचं पुस्तकही तपासून बघावं. दोष न दाखवता घटस्फोट मिळण्याचा कायदा अमेरिकेत पहिल्यांदा कॅलिफोर्नियात झाला, १९६९ मध्ये. त्यावर सही करणारे राज्यपाल होते रोनाल्ड रेगन. बाळंतपणाचं घ्या. १९९३ चा केंद्रीय कायदा बारा आठवड्यांची रजा देतो, तीही बिनपगारी आणि साधारण पन्नासहून मोठ्या आस्थापनांतच. त्याआधी तोच कायदा थोरल्या बुश यांनी दोनदा नाकारला होता. माझी मुलगी नातवाच्या जन्मानंतर बारा आठवडे पूर्ण व्हायच्या आत कामावर गेली, कारण घराचा हप्ता थांबत नव्हता. भारतात २०१७ पासून कायद्याने सव्वीस आठवडे पगारी रजा आहे. ती किती जणींना खरोखर मिळते हा प्रश्न आहेच. पण कुटुंब हीच समाजाची पायाभरणी म्हणणाऱ्याने तान्ह्या मुलाला आईजवळ सहा महिने ठेवण्याची तजवीज आधी करायला हवी. ती केली नाही तर कुटुंबावरचं भाषण मला पटत नाही, मग ते कुठल्याही पक्षाचं असो.

आता त्या रात्रीचा वाद. बरोबर एक आठवडा आधी, २७ जून २०२५ ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मेरीलँडच्या एका प्रकरणात निकाल दिला होता. माँटगोमेरी काउंटीच्या शाळांनी लहान वर्गांत समलिंगी आणि लिंगबदलाशी संबंधित गोष्टींची पुस्तकं आणली. आधी पालकांना पूर्वसूचना आणि मुलाला बाहेर बसवण्याची मुभा होती, २०२३ मध्ये ती काढून घेतली. मुस्लिम, कॅथलिक आणि युक्रेनियन ऑर्थोडॉक्स पालक एकत्र कोर्टात गेले. निकालाला पहिलं नाव एका मुस्लिम बापाचं आहे. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने पालकांची बाजू घेतली.

जावयांचं म्हणणं, सप्टेंबरमध्ये शाळा उघडली की आपणही नऊ वर्षांच्या नातवासाठी अर्ज द्यायचा, सरसकट. मुलीचं म्हणणं, तो एकटाच वर्गाबाहेर बसेल, आधीच त्याच्या नावावरून पोरं चिडवतात. बोलता बोलता आवाज चढले. मग दोघंही माझ्याकडे वळले. "अब्बा, तुम्ही सांगा."

मला निकाल पटला होता. मूल सरकारचं नाही. ते आईबापांकडे अमानत आहे, आणि सहा-सात वर्षांच्या मुलाच्या मनात काय आधी उतरावं हे ठरवताना शाळेने घराला विचारलं पाहिजे. पण मी जावयांना मेरीलँडचीच दुसरी गोष्ट सांगितली. तिथे एका ख्रिस्ती कुटुंबाने जागतिक इतिहासाच्या वर्गातल्या इस्लामच्या धड्याला आक्षेप घेतला होता, कारण मुलीला कलिम्याचा अर्थ लिहायला लावला. २०१९ मध्ये अपील न्यायालयाने शाळेची बाजू धरली. तेव्हा आपल्यातल्या अनेकांना बरं वाटलं होतं. आता नवा निकाल आपल्याला हवा असेल, तर उद्या एखादी आई म्हणेल की माझ्या मुलाला रमजानवरची गोष्ट वाचून दाखवू नका, आणि तिचं म्हणणं ऐकावं लागेल. तेव्हा 'इस्लामद्वेष' म्हणून ओरडायचं नाही. जो हक्क मागायचा तो शेजाऱ्यालाही द्यायचा. हे जमणार नसेल तर अर्ज देऊ नका.

जावई म्हणाले, "आणि शेजारीच तसं म्हणाले तर?" मी म्हटलं, "आज त्यांनी शेगडी कुणासाठी पेटती ठेवली होती?"

मुलीला मी दुसरंच सांगितलं. अर्ज देणं सोपं आहे. एक कागद भरला की आपण संस्कार केल्यासारखं वाटतं. आमच्याकडेही हा रोग आहे. कुटुंबव्यवस्थेवर दीड तास तकरीर करणारे लोक बहिणीला कुरआनने दिलेला वारसा देताना मात्र गप्प होतात. परंपरा सांभाळायची तर ती घरी वेळ देऊन सांभाळावी लागते, आणि मुलाचे प्रश्न ऐकून घ्यावे लागतात. ज्या गल्लीत दोन पुरुष मिळून एक घर चालवतात, तिथेच आपला मुलगा मोठा होणार आहे. त्यांच्याशी अदबीने वागायचं आणि आपला दीन आपल्याकडे ठेवायचा, हे दोन्ही त्याला शिकावं लागेल. ते शाळा शिकवणार नाही, आणि न्यायालयही नाही.

सप्टेंबरमध्ये मी परत आलो होतो. मुलीने फोनवर सांगितलं की तिने शाळेकडून वर्षभराच्या पुस्तकांची यादी मागवली आणि गावच्या वाचनालयात दोन शनिवार बसून एकेक पुस्तक स्वतः वाचलं. एका पुस्तकासाठी दोघांनी मिळून अर्ज दिला. बाकीची राहू दिली. नातू त्या तासाला वाचनालयात बसणार होता. त्याने घरी येऊन एकच विचारलं, "मी काही चुकलो का?" जावयांनी त्याला जवळ बसवून अर्धा तास समजावलं.

एवढं सांगून मुलगी म्हणाली, शेजारी पुढच्या ४ जुलैची आत्तापासून आठवण करून देत आहेत. या वेळी रोजा नाही ना, एवढं त्यांनी विचारून ठेवलं आहे.