‘खाऊनपिऊन’ पगाराचे दिवस संपले

21 नोव्हेंबर 2025 रोजी केंद्र सरकारने चारही कामगार संहिता लागू केल्या आणि 29 जुने कायदे त्यांत विलीन झाले. त्याआधी ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्र सरकारने दुकाने व आस्थापना कायद्यात बदल करून कामाचे तास, ओव्हरटाइम आणि कायद्याच्या व्याप्तीची मर्यादा बदलली. तेव्हापासून हॉटेल व्यावसायिकांच्या प्रत्येक बैठकीत एकच सूर ऐकू येतो : ‘आता धंदा करायचा कसा?’ आमचे म्हणणे वेगळे आहे. या बदलांचा खरा फटका पगार कमी देणाऱ्यापेक्षाही पगार तोंडी ठरवणाऱ्याला बसणार आहे.

आपल्याकडे वेटर किंवा हेल्पर कामावर येतो तो ओळखीने. ‘खाऊनपिऊन अमुक हजार’ असे गल्ल्यावर ठरते, गावी जाताना उचल मिळते, खाडे शेठच्या वहीत लागतात. नेमणूकपत्र नावाचा कागद बहुतेकांनी पाहिलेलाही नसतो. आता दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत प्रत्येकाला ते देणे बंधनकारक आहे. जुन्या कामगारांसाठी संहितेने तीन महिन्यांची मुदत दिली होती. ‘आमचा वस्ताद वीस वर्षांपासून आहे, त्याला कसले पत्र?’ हा युक्तिवाद निरीक्षकापुढे टिकणार नाही. वेतन संहितेला तर कामगारसंख्येची अटच नाही. सहा माणसांच्या खानावळीलाही ती लागू आहे.

‘खाऊनपिऊन’चा हिशेबही नीट समजून घ्या. पगाराच्या बदल्यात जेवण देत असाल, तर त्याचे मूल्य एकूण वेतनाच्या 15 टक्क्यांपर्यंतच वेतनात धरता येते. राहण्याची खोली आणि वीज-पाणी यांचे मूल्य तर वेतनाच्या व्याख्येबाहेरच आहे. खोली दिली म्हणून किमान वेतनाला कात्री लावता येत नाही.

आता पगाराच्या फोडीकडे वळू. मूळ पगार लहान ठेवायचा आणि बाकी भत्ते दाखवायचे, ही युक्ती आता चालणार नाही. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच मोजली जाते. समजा, एका कॅप्टनचा पगार 36,000 रुपये आहे : मूळ व महागाई भत्ता 14,000, घरभाडे 14,000 आणि प्रवासभत्ता 8,000. भत्ते झाले 22,000, म्हणजे निम्म्याहून 4,000 जास्त. त्यामुळे त्याचे वेतन 18,000 धरले जाईल. दहा वर्षांनी तो सोडून गेला, तर 14,000 च्या हिशेबाने ग्रॅच्युइटी होते सुमारे 80,769 रुपये. 18,000 च्या हिशेबाने 1,03,846. मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसाला तर एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. तेव्हा ही तरतूद दरवर्षी बाजूला काढा. माणूस सोडून जाताना एकरकमी खड्डा पडला, की दोष कायद्याला देऊन उपयोग नाही.

तासांबाबत सर्वांत मोठा गैरसमज आहे. दिवसाची मर्यादा 9 वरून 10 तासांवर गेली, हे ऐकून अनेकांनी एक तास फुकट पदरात पडल्याचे मानले. आठवड्याचे 48 तास मात्र जिथल्या तिथे आहेत. सहा दिवस रोज 10 तास म्हणजे 60. त्यातले 12 तास ओव्हरटाइमचे आणि दुप्पट दराचे. तिमाहीच्या 13 आठवड्यांत ते 156 होतात, आणि तिमाहीची नवी मर्यादा आहे 144. म्हणजे दुप्पट पैसे मोजूनही संपूर्ण तिमाही असे काम करून घेणे बेकायदाच ठरेल. आपली लाडकी ब्रेक शिफ्टही तपासून पाहा. सकाळी 11 ते 4 आणि संध्याकाळी 7 ते 12 यात काम दहाच तास भरते, पण माणूस तेरा तास अडकून राहतो. कायदा बारांपलीकडे जाऊ देत नाही.

फुटलेल्या क्रॉकरीचे पैसे सर्रास पगारातून कापणाऱ्यांनीही सावध व्हावे. वस्तू त्या कामगाराच्या ताब्यात दिलेली असावी, नुकसान त्याच्याच हलगर्जीपणामुळे झालेले असावे आणि कपातीआधी त्याला बाजू मांडू द्यावी, अशा अटी आहेत. सगळ्या स्टाफवर वर्गणीसारखी भरपाई लावणे यात बसत नाही. आणि माणसाने नोकरी सोडली, तर त्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. ‘पुढच्या पाच तारखेला ये’ आता चालणार नाही.

हा खर्च भागवायचा कुठून? सर्व्हिस चार्जच्या भरवशावर राहू नका. तो ग्राहकावर लादता येणार नाही, हे 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत होते आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी त्यांवर शिक्कामोर्तब केले. पगार मेन्यूच्या दरातूनच निघाला पाहिजे. राइस प्लेटचे दर ठरवताना तेल आणि गॅसचा भाव आपण पैशापर्यंत मोजतो. माणसाच्या तासाचा भाव मात्र अंदाजाने धरतो. ती सवय सोडावी लागेल.

10 ऑक्टोबर 2006 पासून हॉटेल-ढाब्यांत लहान मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आली, तेव्हाही धंदा बुडेल अशी ओरड झाली होती. धंदा बुडाला नाही. आजही बुडणार नाही. पुढचा पगार होण्याआधी प्रत्येक कामगाराच्या हाती नेमणूकपत्र द्या, पगारपत्रक नव्या व्याख्येनुसार मांडा आणि हजेरीत येण्याजाण्याची खरी वेळ लिहा. चांगला तंदूरवाला मिळत नाही अशी तक्रार सगळेच करतात. तो कागदोपत्री चोख असलेल्या मालकाकडेच टिकेल.