कडी काढून चेन नवी होत नाही

नवी चेन टाकली आणि पेडलवर जोर दिला की घसरते, ही रड या महिन्याच्या टपालात पुन्हा आहे. कुणी कंपनीला शिव्या देतो, कुणी लुधियानाच्या मालाला. जुनी चेन किती वाढली होती, हे मात्र एकानेही लिहिलेलं नाही.

दोष बहुधा नव्या चेनचा नसतो. वाढलेल्या चेनने फ्रीव्हीलचे दात आपल्या मापाने खाल्लेले असतात; त्यांवर अर्ध्या इंची पिचची कोरी चेन बसणार कशी? आणि तोवर गिऱ्हाईक आपल्याकडे आलंच नव्हतं असंही नाही. आलं होतं. आपण कड्यांची जोडी काढली, चाक ओढलं, ऑइल सोडलं, पैसे घेतले. आता हिशेब करा. साध्या सायकलची ११२ पिचची चेन म्हणजे ५६ इंच. जोडी काढण्याइतकी ती वाढली, म्हणजे इंचभर वाढली; फुटामागे जवळजवळ पावणेदोन सूत! बिनगिअरची मर्यादा एक सूत. कडी काढायची वेळ येते तोवर चेन बदलायची वेळ कधीच टळून गेलेली असते.

वरच्यांचीही तऱ्हा पाहा. एका कंपनीच्या वॉरंटी फॉर्मवर फ्रेम नंबर, रंग, बिलाची प्रत, तीन बाजूंनी फोटो, सगळं आहे. चेनच्या मापाला रकाना नाही. फोटो पाहून शेरा मारतात, ‘अयोग्य वापर’. फोटोत अर्धं सूत दिसतं असं मानणाऱ्या साहेबांचे हात कधी काळे झाले नसावेत.

स्टीलची बारा इंची पट्टी घ्या. चेन ताणून शून्य एका पिनच्या मध्यावर धरा आणि तिथून चोविसावी पिन पाहा. अकरा-बारा स्पीडला अर्धं सूत पुढे गेली की चेन उतरवा, आठ ते दहाला पाऊण सूत. गेजवर डोळे झाकून विसंबू नका; बरीच गेजं रोलरची ढिलाईही वाढीत धरतात. एक सूत ओलांडलं असेल, तर फ्रीव्हीलचाही खर्च गिऱ्हाइकाला आधीच सांगा, चेन चढवल्यावर नव्हे.

मंडळी, पट्टी आजच खिळ्याला टांगा. प्रत्येक बिलावर जुन्या चेनचं माप लिहा. कंपनीशी भांडायला तोच कागद उपयोगी पडेल. पुढच्या अंकापासून माप नसलेलं तक्रारपत्र आम्ही छापणार नाही.