अ‍ॅलेक गिनेस आणि परकायाप्रवेशाची दंतकथा

नटाची थोरवी सांगताना मराठी समीक्षेने जे शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरले, त्यांत ‘परकायाप्रवेश’ हा सर्वांत प्रतिष्ठित शब्द होय. आद्य शंकराचार्यांनी राजा अमरुकाच्या देहात प्रवेश केला, या आख्यायिकेतून तो शब्द रंगभूमीकडे आला आणि एखाद्या पदवीसारखा वाटला जाऊ लागला. त्या आख्यायिकेतील एक तपशील मात्र सोयीस्करपणे विसरला जातो. राजा अमरुक मेलेला होता. ज्या कायेत शिरावयाचे ती आधी निष्प्राण असावी लागते. जिवंत माणसाच्या देहात परकायाप्रवेश होत नाही.

इंग्रज चरित्र-अभिनेता अ‍ॅलेक गिनेस (१९१४–२०००) याच्याविषयी बोलताना हाच शब्द, किंवा त्याची ‘एकरूपता’, ‘आत्मविलोपन’ ही भावंडे, हटकून पुढे येतात. त्याला स्वतःचा चेहराच नव्हता म्हणून तो कोणाचाही चेहरा धारण करू शकत होता, असे हे मत. मत आकर्षक आहे, पण त्याची उत्तम कामे या मताने उलगडत नाहीत आणि वाईट कामांवर मात्र पांघरूण पडते. मराठी वाचकाला या प्रश्नाशी काही कर्तव्य आहे, कारण ज्या भूमिकेत गिनेसचे अपयश सर्वांत उघडे पडले ती भूमिका एका मराठी माणसाची आहे : प्राध्यापक नारायण गोडबोले.

चेहरा नसल्याच्या या सिद्धांताला त्याच्या चरित्रातून पुष्टी दिली जाते. लंडनमध्ये जन्मलेल्या या मुलाच्या जन्मनोंदीत पित्याचे नाव नाही. आईच्या आडनावाने, मग सावत्र बापाच्या आडनावाने आणि शेवटी गिनेस म्हणून, अशी चौदाव्या वर्षापर्यंत तीन नावे त्याला मिळाली. बापाचे नाव नसलेला मुलगा चेहरा नसलेला नट झाला, हे समीकरण इतके गोंडस आहे की त्याचा संशयच यावा. अनौरस मुले जगात पुष्कळ जन्मली. त्यांतली गिनेस झाली नाहीत. त्याला घडविले ते रंगभूमीच्या शिस्तीने. जाहिरात-संस्थेत मजकूर लिहिणाऱ्या या तरुणाला १९३४ मध्ये जॉन गिलगुडने ‘हॅम्लेट’मध्ये ऑस्रिकची लहानशी भूमिका दिली. पुढे ओल्ड व्हिक रंगमंदिरात त्याने शेक्सपिअरच्या लहानमोठ्या भूमिका केल्या आणि १९३८ मध्ये टायरन गथ्रीच्या दिग्दर्शनाखाली आधुनिक वेषातला हॅम्लेटही केला. मग महायुद्ध आले. नौदलात खलाशी म्हणून भरती होऊन तो अधिकारी झाला आणि १९४३ च्या सिसिलीवरील चढाईत सैनिक उतरविणारी एक नौका त्याच्या हुकमतीखाली होती. १९५१ मध्ये त्याने पुन्हा हॅम्लेट उभा केला, तो साफ पडला. नायकपणाचे दार तिथे बंद झाले असे म्हणण्याची पद्धत आहे. ‘चरित्र-अभिनेता’ हा शब्द आपल्याकडे ज्या किंचित कनिष्ठ अर्थाने वापरतात, तोच यामागे आहे. वस्तुतः त्या वेळेपर्यंत त्याची खरी वाट त्याला सापडलेली होती.

ती वाट ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ (१९४९) या रॉबर्ट हेमरच्या चित्रपटात दिसते. द’अ‍ॅस्कॉइन या सरदार घराण्यातील आठ व्यक्ती गिनेसने एकट्याने केल्या. त्यांत एक स्त्रीही होती. वारसाहक्कासाठी त्यांना एकामागून एक संपविले जाते. इथे गिनेस आठ देहांत ‘विलीन’ झाला, असे म्हणणे म्हणजे चित्रपटातील विनोद न समजणे होय. आठही मुखवट्यांमागे एकच नट आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असल्याखेरीज, हे सारे उमराव एकाच साच्यातून निघालेले आहेत हा उपहास उभाच राहत नाही. याला योग्य शब्द आपल्याकडे आहे, तो बहुरूपी. दारात फौजदार म्हणून उभा राहिलेला बहुरूपी क्षणभर फसवतो, पण ओळखला गेल्यावरच त्याला बिदागी मिळते. बहुरूप्याच्या कलेत नट नाहीसा होत नाही. तो आणि त्याचे सोंग ही दोन्ही एकाच वेळी दिसत राहतात. ‘द लेडीकिलर्स’मधील (१९५५) दातपुढ्या प्राध्यापकातही हीच गंमत आहे.

बहुरूप्याच्या पलीकडे जाऊन त्याने ज्या भूमिका केल्या त्यांची नावे घेतली की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’मधील (१९५७) कर्नल निकल्सन ही त्याला ऑस्कर मिळवून देणारी भूमिका. कोंडवाड्याच्या शिक्षेतून बाहेर येताना निकल्सन जसा लडखडत पण ताठ चालतो, ती चाल गिनेसने पोलिओतून उठलेल्या आपल्या मुलाच्या चालीवरून घेतली होती. पण चाल हा केवळ आरंभ आहे. शत्रूसाठी पूल बांधताना तो उत्तमच बांधला पाहिजे असे मानणारा हा अधिकारी शिस्तीच्या अहंकाराने कसा आंधळा होतो, हे गिनेसला आतून ठाऊक होते. इंग्रजी लष्करी वर्गाची भाषा, त्यातील मौने, त्यातील लाज, हे सारे त्याने नौदलात जवळून पाहिले होते. ‘ट्यून्स ऑफ ग्लोरी’मधील (१९६०) शिपाईगिरीतून वर आलेला, दारूत बुडालेला कर्नल सिंक्लेअर हे त्याच ज्ञानाचे दुसरे टोक. आणि बीबीसीच्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ (१९७९) व ‘स्मायलीज पीपल’ (१९८२) या मालिकांमधील जॉर्ज स्मायली! या भूमिकेसाठी लेखक जॉन ल कॅरेने त्याची गाठ गुप्तहेर खात्याचे माजी प्रमुख मॉरिस ओल्डफील्ड यांच्याशी घालून दिली. गिनेसने त्यांना जेवणाच्या टेबलावर न्याहाळले. परंतु एका भोजनात स्मायली सापडत नसतो. ओळखीच्या समाजातला एक माणूस त्याने पाहिला, आणि त्या समाजाचे व्याकरण त्याला आधीपासून येत होते. म्हणून एका भोजनाने भागले. चष्मा पुसण्याच्या एका हालचालीत स्मायली विवाह, विश्वासघात आणि वय यांविषयी जे सांगून जातो, ते वेषांतराने येत नाही.

याउलट जिथे हे व्याकरण नव्हते, तिथे त्याने नेमके काय केले? डेव्हिड लीनच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला (१९४८) फेगिन प्रथम पाहावा. लीन साशंक होता. गिनेसने स्वतः आग्रह धरून, संपूर्ण रंगभूषेसह चाचणी देऊन ही भूमिका मिळविली. त्या वेळी तो पस्तिशीचाही नव्हता. ते प्रचंड नाक जॉर्ज क्रूकशँकच्या मूळ चित्रांवरून घेतलेले होते, आणि डिकन्सशी इमान हाच त्याचा बचाव होता. छळछावण्या उघड्या पडून जेमतेम तीन वर्षे झाली होती. १९४९ मध्ये बर्लिनमध्ये ज्यूंनी या चित्रपटाविरुद्ध निदर्शने केली. अमेरिकेत तो १९५१ पर्यंत अडकून राहिला आणि काटछाट करूनच दाखविला गेला. चित्राशी इमान राखले, पण ते चित्र कोणी कोणाविषयी काढले होते हा प्रश्न नटाने विचारला नाही. फेगिन कलादृष्ट्या थोर काम आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. थोर कामही एखाद्या समाजाचा अपमान करू शकते, एवढेच. ‘अ मेजॉरिटी ऑफ वन’मधला (१९६१) जपानी व्यापारी असानो तर थोरही नाही, पापण्यांवरच्या रंगभूषेखेरीज त्यात आठवणीत राहण्याजोगे काही नाही.

इथे दुसऱ्या पक्षाचाही समाचार घेणे भाग आहे. गोऱ्याने काळा रंग फासला की पाप झाले आणि तो पुसला की ते धुतले गेले, अशी एक सोपी नीती अलीकडे रूढ झाली आहे. ती खरी असती तर ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’मधला (१९६२) राजपुत्र फैझल फेगिनइतकाच सदोष ठरला असता. तो तसा ठरत नाही. रॉबर्ट बोल्ट आणि मायकेल विल्सन यांच्या संहितेने फैझलला बुद्धी दिली आहे, राजकारण दिले आहे, इंग्रजांच्या दुटप्पीपणाकडे पाहणारी थंड नजर दिली आहे. अखेरच्या वाटाघाटीत खोलीतील सर्वांत शहाणा माणूस तोच असतो. रंगभूषा तीच, नट तोच. पण ज्याच्या कायेत शिरावयाचे तो मारला गेलेला नव्हता.

गोडबोले मात्र मारला गेला. ई. एम. फॉर्स्टरच्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ (१९२४) या कादंबरीतला हा दक्षिणी ब्राह्मण हवेतून आलेला नाही. फॉर्स्टरने १९२१ मध्ये माळव्यातील देवास या मराठा संस्थानात तिसऱ्या तुकोजीराव पवारांचा खाजगी सचिव म्हणून काही महिने काढले. तिथला गोकुळाष्टमीचा उत्सव त्याने पाहिला, आणि पुढे ‘द हिल ऑफ देवी’ (१९५३) या पुस्तकात त्या दिवसांविषयी लिहिले. कादंबरीच्या तिसऱ्या भागातील मऊ संस्थानचा जन्मोत्सव या अनुभवातून आला. तिथे कृष्णजन्माची वाट पाहत गोडबोले आपल्या साथीदारांसह जे गातो, त्यात नाव येते ते तुकारामाचे. इंग्रजी फलकावरील अक्षरे उलटसुलट झाली आहेत, गर्दी आहे, गोंधळ आहे, आणि त्या गोंधळात हा वृद्ध शिक्षक एका परक्या म्हातारीचे आणि एका गांधीलमाशीचे स्मरण करून त्यांना प्रेमाने आपल्यात घेऊ पाहतो. पुढे दगडाशी तो अडतो. दगड काही त्याच्या प्रेमात सामावत नाही. भक्तीचा आवाका आणि तिची मर्यादा एकाच क्षणी दाखविणारी अशी जागा त्या काळच्या इंग्रजी कादंबरीत विरळाच.

शिवाय गोडबोले हा एक ओळखीचा सामाजिक नमुना आहे. इंदूर, देवास, ग्वाल्हेर या संस्थानांत कारभार आणि शिक्षणखाते सांभाळणारे मराठी ब्राह्मण ज्यांनी पाहिले वा वाचले आहेत, त्यांना तो परका वाटू नये. अझीझला अटक झालेली असताना हा गृहस्थ फील्डिंगला विचारतो तो आपल्या नियोजित शाळेच्या नावाविषयी. पुढे मऊला तो शिक्षणमंत्री होतो आणि त्या शाळेचे धान्याचे कोठार झालेले असते. ही टाळाटाळ आहे, थोडी लबाडी आहे, अध्यात्म आहे आणि संस्थानी नोकरशाहीचा वासही आहे. चारही गोष्टी एकाच माणसात नांदतात, आणि म्हणून तो जिवंत आहे.

लीनच्या १९८४ च्या चित्रपटात यातले काय उरले? मऊचा जन्मोत्सव गेला. अखेरचा भाग काश्मीरच्या पर्वतराजीत नेला गेला. त्याबरोबर तुकाराम गेला, म्हातारी गेली, दगडही गेला. उरला तो कर्मवादाची वाक्ये बोलणारा, गूढ हसणारा एक पौर्वात्य ऋषी. या रिकाम्या देहात गिनेस शिरला : रंगभूषा, कपाळावरचे गंध, तोलून टाकलेली पावले, आणि एक असा उच्चार की ज्यात मराठीची एकही खूण सापडू नये. ‘परकायाप्रवेश’ हा शब्द इथे अक्षरशः लागू पडतो. गिनेसच्या साऱ्या कारकिर्दीत तो सर्वांत नेमका लागू पडतो तो याच ठिकाणी, आणि हेच काम त्याच्या दुबळ्या कामांत मोडते.

योग्य भारतीय नट मिळाला नाही, हे कारण टिकण्यासारखे नाही. त्याच चित्रपटात अझीझ व्हिक्टर बॅनर्जी आहे, हमिदुल्ला सईद जाफ्री आहे, वकील अमृतराव रोशन सेठ आहे. गोडबोलेपुरतीच अडचण कोठून आली? दोनच वर्षांपूर्वी, रिचर्ड अ‍ॅटनबरोच्या ‘गांधी’त (१९८२) फर्ग्युसन महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकाची, नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली होती. भूमिका लहानच होती. पण आजारी, थकलेल्या, तरीही विनोदबुद्धी शाबूत असलेल्या त्या नेत्याच्या इंग्रजीत पुण्याचे सार्वजनिक जीवन ऐकू येते. डॉ. लागूंनी पुढे आपल्या आत्मकथनाला नाव दिले ते ‘लमाण’. दुसऱ्याचा माल पाठीवर वाहून मुक्कामी पोचविणारा तो लमाण. परकायाप्रवेशाच्या दिमाखाशेजारी हा शब्द किती साधा दिसतो! पण वाहून नेण्यासाठी आधी माल असावा लागतो आणि त्याचे वजन ठाऊक असावे लागते.

यावर प्रतिवाद असा होईल की मग ज्याने त्याने आपल्याच जातीची, आपल्याच गावची माणसे करावीत आणि नाट्यकला आटोपती घ्यावी. तसे नाही. बेन किंग्जलेच्या पित्याचे कूळ गुजराती होते म्हणून त्याचा गांधी खरा झाला नाही. आणि बालगंधर्व स्त्री नव्हते. रक्त हे नटाचे भांडवल नव्हे. ज्ञान हे आहे, आणि त्या ज्ञानाला जागा देणारी संहिता. गिनेसजवळ निकल्सनसाठी दोन्ही होते, फैझलसाठी दुसरे होते, गोडबोलेसाठी दोन्ही नव्हते. त्याचा दोष हा की, इतक्या वर्षांच्या साधनेनंतरही, मुखवटा पुरेल असे त्याने मानले. लीनचा दोष मोठा आहे. त्याने कादंबरीतला मंदिराचा भाग प्रवासवर्णनाची सजावट म्हणून बाजूला सारला.

या चित्रपटासाठी गिनेसने गोडबोलेचे एक भक्तिनृत्य बसविले होते, त्याचा सरावही केला होता. चित्रीकरण बव्हंशी कर्नाटकात, बंगलोर आणि त्याच्या आसपासच्या खडकाळ डोंगरांत झाले. संकलनात लीनने ते नृत्य कापले, आणि गिनेस दुखावला गेला. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’पासून (१९४६) चाललेली या दोघांची भागीदारी या सहाव्या चित्रपटापाशी थांबली. त्या नृत्यात काय होते हे पडद्यावरून कळण्यास मार्ग नाही. पण मऊच्या उत्सवाची म्हणून जी एकच गोष्ट या गोडबोलेच्या देहात शिल्लक राहिली असती, ती तीच होती.