आकाशातून अर्थकारणाकडे

वाराणसीच्या शिवांगी सिंह यांनी काशी हिंदू विश्वविद्यालयात एन.सी.सी.चे धडे गिरवले. २०१७ मध्ये त्या वायुदलात लढाऊ वैमानिक झाल्या आणि २०२० मध्ये राफेलसाठी निवड झालेल्या पहिल्या महिला वैमानिक ठरल्या. या यशाचा अभिमान बाळगताना एका प्रश्नाचाही विचार व्हावयास हवा. अल्पसेवा कमिशनवर आलेले अनेक वैमानिक चौदा वर्षांनी, ऐन उमेदीत, निवृत्तिवेतनाविना गणवेश उतरवतात. त्यांचे पुढे काय?

अमेरिकेतील रॉबर्ट लोव्हेट यांचे उदाहरण बोलके आहे. पहिल्या महायुद्धात नौदलाचे वैमानिक असलेले लोव्हेट पुढे न्यूयॉर्कमधील ब्राउन ब्रदर्स या बँकिंग पेढीचे भागीदार झाले आणि १९५१ मध्ये देशाचे संरक्षणमंत्री.

आपल्या सार्वजनिक क्षेत्रातील बँकांत माजी सैनिकांसाठी लिपिक संवर्गात १४.५ टक्के जागा राखीव असतात. सेनाधिकाऱ्यांचा विचार मात्र प्रामुख्याने सुरक्षा अधिकारी या पदासाठीच होतो. ते पद महत्त्वाचे खरे. परंतु तेवढ्यावर थांबणे योग्य नव्हे. उड्डाणापूर्वी यादीतील प्रत्येक बाब तपासणे आणि उतरल्यावर हुद्दा बाजूला ठेवून चुकांची चर्चा करणे, ही वैमानिकाची अंगवळणी पडलेली शिस्त. कर्जप्रस्तावांची छाननी, जोखीम व्यवस्थापन व अंतर्गत तपासणी यांना नेमकी हीच शिस्त हवी असते.

ताळेबंद वाचणे प्रशिक्षणाने साधते. दडपणाखालीही नियम न सोडण्याची वृत्ती घडण्यास वर्षे लागतात. ती आयती लाभत असताना बँकांनी पतविभागाची दारेही या अधिकाऱ्यांसाठी खुली करावीत. त्यात त्यांच्या इतकेच ठेवीदारांचेही हित आहे.